आडोशामागचा कळस

आमच्या समोरच्या दाराचा कमलेश उंच वस्तू लपवतो. बायका दागिने लपवतात, नवरे सिगरेटचं पाकीट लपवतात. हा पठ्ठ्या वीस मजल्यांएवढा आकाशपाळणा लपवतो, आणि त्याचा रीतसर पगार घेतो. काम नीट झालं तर कोणाला पत्ता लागत नाही. चुकलं तर अख्खं कोलशेत बघायला येतं. त्या गुरुवारी आम्ही सगळे बघायलाच उभे होतो.

आधी कमलेशचं काम काय ते सांगते. रस्त्यापलीकडे खाडीच्या बाजूला जे थीम पार्क झालंय, त्याच्या मधोमध यांनी शंभर वर्षांपूर्वीचं गाव उभं केलंय. कुडाची घरं, विहीर, मिठागराचे कप्पे, चिखलात टेकवलेली एक होडी. तिकीट काढून आत शिरलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, की आपण पणजोबांच्या काळात आलो. आता बैलगाडीच्या मागे तीस मजली टॉवर दिसला तर पणजोबा राहतात बाजूला. म्हणून त्या गावात कुठेही उभे राहा, कुठेही मान वळवा, पार्कचा स्वतःचा पाळणा दिसता कामा नये, घोडबंदर रोडचे टॉवर दिसता कामा नयेत, आणि आमची ‘दगडू हाइट्स’ तर अजिबात नाही. या सगळ्या झाकाझाकीला तिथले कामगार ‘आडोसा’ म्हणतात. आडोशाचा मुख्य कमलेश.

‘दगडू हाइट्स’ला चारच मजले आहेत. चार मजल्यांना हाइट्स म्हणायची छाती कमलेशच्या वडिलांची. आजोबा दगडू जन्मभर मिठागरावर राबले, जमिनीला भाव आला तोवर ते वर गेलेले. मुलाने त्यांच्या नावाने बिल्डिंग बांधली आणि एक ब्लॉक माझ्या नवऱ्याला विकला. तेव्हापासून कमलेशची आई, कमळाबाई, मला नावाने हाक मारत नाहीत. मी डोंबिवलीची, म्हणून ‘ए डोंबिवली’. वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत डोंबिवलीसुद्धा बदलली, पण माझं नाव तेच.

कमलेश वर्तकनगरच्या शाळेत असल्यापासून रंगांत बुडालेला. पुढे मालिकांच्या सेटवर खोटी देवळं रंगवली, खोटे तुरुंग रंगवले, आणि तिथून या कामात आला. मन लावून करतो, हे मात्र मान्य करायला हवं. पाळणा बसवायच्या आधी हा तलावपाळीवरून फुग्यांचा मोठा घोस घेऊन आला, दोरीला बांधून पाळण्याच्या उंचीएवढा वर सोडला आणि दिवसभर खाली त्या खोट्या गावात फिरत राहिला. कुठून फुगे दिसतात ते उभ्याने पाहिलं, बसून पाहिलं, स्टुलावर चढून पाहिलं. “बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला पण दिसता कामा नये ना, वहिनी,” म्हणाला. मग जिथून दिसत होते तिथे मातीचा उंचवटा केला, बांबूचं बन लावलं, उरलेल्या ठिकाणी रंगवलेल्या उंच भिंती.

आणि तो रंग! निळा नाही हं. ठाण्याचं आकाश निळं असतं कधी? राखाडीत थोडा हिरवा, थोडा मातकट. नजर त्यावर टेकतच नाही, घसरून पुढे जाते. घरी जिन्याच्या कठड्याला लावून बघितलंन. मी तीनदा आपटले त्याच्यावर. “म्हणजे बरोबर जमलाय,” म्हणाला मेला.

गुरुवारी अंतरा मॅडम येणार होत्या. पार्कच्या मांडणीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी गावात फिरून ‘पास’ म्हटलं की पार्क उघडणार आणि हैदराबादला कंपनीचं याच्या दुप्पट मोठं पार्क होतंय, तिथला आडोसा कमलेशकडे येणार. घरात सुटकेसची चर्चासुद्धा सुरू झालेली.

बुधवारी दुपारी शेवटची फेरी मारताना त्याला गावाच्या एका कोपऱ्यातून काय दिसलं? आम्ही! बांबू आणि रंगवलेली भिंत यांच्यामध्ये एक फट उरली होती, आणि त्या फटीत आमची बिल्डिंग, वाळत घातलेल्या चादरींसकट. संध्याकाळपर्यंत त्याने तीन उंच फळ्या रंगवून त्या फटीत नटबोल्टने ठोकून बसवल्या. मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा जेवताना आईला सांगत होता, “आता गावातून आपलं घर पण दिसत नाही.”

कमळाबाई म्हणाल्या, “खरा गाव होता तवा त्याच्यासमोर टावर उभं केलंव. आता खोटा गाव केला न् टावर लपवतंस. भारी हाय रं तुझी अक्कल.”

आम्ही हसलो. तोही हसला.

सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरून रुचिता, त्याची बायको, पदर खोचून धावत आली. “ताई, लवकर या. आईंना कळस दिसत नाहीये.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या काठाला टेकडीवर गावदेवीचं देऊळ आहे. कमळाबाईंच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या आता होत नाहीत, पण खरं सांगायचं तर त्या तरुणपणी सुद्धा फारशा चढल्या नाहीत. मिठागरावर कामाला जाणाऱ्या बायकांचे पाय मिठाने फाटलेले असायचे, आणि हंगामात देवळापर्यंत जायला वेळ कोण देतो? त्या बांधावरूनच टेकडीवरच्या कळसाला हात जोडायच्या आणि कामाला लागायच्या. कळस पाहिला की देवीच पाहिली, अशी त्यांची रीत. मिठागर गेलं, बांध गेला, रीत राहिली. कमळाबाई सकाळी आंघोळ करून गॅलरीत येतात, कळसाला हात जोडतात आणि मगच तोंडात घास घालतात. सून आली, नातवंडं मोठी झाली, पण यात खंड नाही.

गॅलरीत गेले तर त्या अगदी उजव्या टोकाला कठड्याला धरून उभ्या. आणि तेव्हा मला दिसलं, जे आम्हा कोणालाच इतके दिवस दिसलं नव्हतं. त्यांची खुर्ची पूर्वी गॅलरीच्या मधोमध असायची. पलीकडे बांबू वाढत गेला, भिंत वर येत गेली, तशी ती खुर्ची हळूहळू सरकत सरकत टोकाला येऊन भिंतीला टेकली होती. म्हातारी त्या फटीतून कळस बघत होती! तीच फट आदल्या दिवशी तिच्या मुलाने बुजवली.

“मावशी, ढग असतील,” मी म्हटलं.

“डोंबिवली, मी म्हातारी हाय, आंधली नाय. कुठं गेला माझा कलस?”

“चहा घ्या तोवर. बघू मग.”

“कलस दिसला का घेन.”

रुचिताने मला हाताला धरून आत ओढलं. “ताई, त्यांनी साखरेची गोळी घेतलीये. उठल्या उठल्या घेतात, पाण्याबरोबर. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं.”

गोळी पोटात आणि घास बाहेर. माझं हसू जिरलं ते तिथे.

रुचिताने कमलेशला फोन लावला. तो पहाटेच पार्कात गेलेला. एकदा उचलला नाही, दोनदा नाही. तिसऱ्यांदा उचलला तर कुजबुजत, “मॅडम आल्यात. नंतर.” आणि ठेवला. तेव्हा मी माझ्या फोनवरून लावला आणि कोलशेतच्या नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “कमलेश, पाळणा लपवलास, टॉवर लपवलेस, आता आईची देवी पण लपवलीस का रे?”

पलीकडे पावलं वाजली. मग, “आलो.”

पार्क रस्त्यापलीकडेच. तो स्कूटरवरून आला तेव्हा कमळाबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि कपाळाला घाम. वारा चांगला सुटला होता, तरी घाम. रुचिताने बोटातून रक्त काढून यंत्रावर आकडा पाहिला आणि कोणाला न दाखवता यंत्र पालथं ठेवलं.

“आई, दुपारपर्यंत थांब,” कमलेश गुडघ्यांवर बसला. “मॅडम गेल्या की लगेच फळ्या काढतो. तोवर दोन घास खा.”

“थांबते ना. मी कुठं धावतंय?”

“तसं नाही, खाऊन थांब.”

“आधी कलस.”

मी साखरेची चिमूट त्यांच्या ओठांशी नेली. “हा घास नाही मावशी, औषध आहे.”

त्यांनी ओठ मिटले ते मिटले. नंतर नाकातून म्हणाल्या, “तुना काय म्हाईत, डोंबिवली.”

रुचिताने मोबाइलवर देवळाचा फोटो शोधून समोर धरला. त्यांनी फोटोला हातसुद्धा जोडले, तसं काही वैर नाही त्यांचं फोटोशी. पण चहाच्या कपाकडे बघितलं नाही. “गाडीतून देवळाच्या पायथ्याशी नेऊ,” मी म्हटलं. रुचिताने मान हलवली. पार्कचं काम चालू असल्यामुळे तो रस्ता बंद होता, खाडीकडून फिरून जायचं म्हणजे मोठा वळसा, आणि वाटेत चक्कर आली तर?

“गच्ची!” कमलेश उठला. “गच्चीवरून फळ्यांच्या वरून दिसेल.”

आमच्या हाइट्सना लिफ्ट नाही, आणि आमचे ब्लॉक पहिल्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्याने पुढून धरलं, मी आणि रुचिता मागून. जिन्याच्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्याला अडकला, त्या राखाडी-हिरव्या, न दिसणाऱ्या कठड्याला. तिसऱ्या मजल्यावर मला वाटलं, म्हातारीच्या आधी मीच जाते. कमळाबाईंचा हात माझ्या मनगटावर होता, आणि पकड सुटत चालली होती.

वर पोचलो. कमलेश कठड्याशी धावला आणि ओरडला, “दिसतोय! आई, दिसतोय!”

मलाही दिसला. फळ्यांच्या वरच्या कडेवर, नखाएवढा, पितळेचा, उन्हात. खुर्ची कठड्याशी नेली. कमळाबाई बसल्या जागेवरून बघू लागल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर होता फक्त गच्चीचा उंच सिमेंटचा कठडा.

“उभं राहायचं का जरा?” रुचिताने काखेत हात घातले. त्या उठल्या, पाठीतून वाकलेल्याच. हनुवटी कठड्याला लागली. टाचा उंचावायला गेल्या आणि गुडघे दुमडले. आम्ही तिघांनी धरलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

“आई, मला दिसतोय ना,” कमलेश काकुळतीला आला. “मी बघतो, तू हात जोड.”

“तुझ्या डोल्यांनी माझा दर्शन व्हनार हाय का रं?”

ज्याने खांद्यावरच्या पोराची नजर मोजली, त्याने आईची मोजली नव्हती. मी तोंड उघडलं होतं टोमणा मारायला, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. हे माझ्या हातून क्वचित होतं.

पुन्हा खाली. उतरताना त्या बोलेनाशा झाल्या. गॅलरीत टेकवलं तेव्हा डोळे अर्धे मिटलेले आणि शब्द जड. “कमल्या… अंधार कशाला केला?” भर सकाळी विचारलं त्यांनी. रुचिताने त्यांच्या गालाला हात लावला तर गाल गार. “आता दवाखाना,” ती म्हणाली, “मी रिक्षा बघते.” दवाखान्यात तरी काय, तिथे सलाईन लावतील, पण रिक्षात बसवेपर्यंत, सिग्नलवर, नाक्यावर?

कमलेश कठड्याशी उभा राहिला. समोर त्याच्या स्वतःच्या हाताने रंगवलेल्या त्या तीन फळ्या. मग त्याने फोन काढला.

“गुणाजी, कोपऱ्यातल्या फळ्या. उजव्या कडेची काढ.”

गुणाजी त्याच्या टोळीतला जुना माणूस. स्पीकरवर त्याचा आवाज फुटला, “आता? साहेब, मॅडम विहिरीपाशी आल्यात. तोंड इकडंच हाय त्यांचं.”

“काढ.”

“समोरची फट उघडी पडंल. बिल्डिंग दिसंल.”

“माहिती आहे. काढ!”

पाना नटवर फिरल्याचा आवाज इथपर्यंत येत नव्हता, पण आम्ही तो ऐकत होतो. फळीच्या वरच्या टोकाला गुणाजीचं डोकं आलं, गेलं, पुन्हा आलं. फळी हलली, तिरकी झाली आणि खाली गेली. तिच्या जागी एक उभा पट्टा उघडा पडला. पट्ट्यात एक माड, थोडं आकाश. कळस नाही.

“ही नाही!” कमलेश किंचाळला. “गुणाजी, उजवी म्हटलं ना!”

“उजवीच हाय, साहेब. माझी उजवी!”

जन्मभर आतून बाहेर बघत आलेल्या माणसाने पहिल्यांदा बाहेरून आत बघितलं होतं. गावात उभं राहिलं की जी उजवी, ती आमच्या गॅलरीतून डावी. “दुसरी कड!” तो ओरडला. “डावी, तुझी डावी!”

“मॅडम चालत येतायत,” गुणाजी म्हणाला.

“येऊ देत.”

मी कमळाबाईंचं डोकं धरून समोर वळवलं. “मावशी, डोळे उघडा. उघडा हो. मग हवं तेवढं डोंबिवली म्हणा.” त्यांच्या पापण्या थोड्या हलल्या. दुसरी फळी अडकली होती, वरचा एक बोल्ट सुटेना. गुणाजी शिडीवर चढून हातोडा मारत होता, आणि ते ठोके आता खरोखरच ऐकू येत होते. एक, मग थांबून आणखी एक. आणि फळी सुटून धाडकन कोसळली.

कुडाच्या घरांची छपरं दिसली. त्यांच्या पलीकडे टेकडी. टेकडीवर कळस.

“मावशी!”

त्यांनी बघितलं. हात वर यायला वेळ लागला. रुचिताने कोपरांना आधार दिला. जोडलेले हात कपाळाला टेकले आणि ओठ हलू लागले. त्याच वेळी कमलेशचा फोन वाजला. त्याने स्पीकर बंद केला नाही, हे त्याचे उपकार.

“कमलेश,” अंतरा मॅडमचा आवाज धारदार. “मी कुठे उभी आहे आणि मला काय दिसतंय, सांगू? एक गॅलरी. चादरी. तीन बायका, आणि मध्ये तुम्ही. हा आडोसा?”

“दोन मिनिटं द्या, मॅडम.”

“आणि त्या आजी मला नमस्कार का करतायत?”

“तुम्हाला नाही. तुमच्या मागे देवी आहे.”

फटीतून ती बाई स्पष्ट दिसत होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ती मागे वळली. टेकडीकडे बघत उभी राहिली. फोनवर नुसता वारा.

“कोण आहेत त्या?”

“आई आहे माझी. साखरेची गोळी घेतलीये आणि कळस बघितल्याशिवाय खात नाही. मी तिचा कळस झाकला, मॅडम.”

“झालं की इकडे या,” एवढंच म्हणाली आणि फोन बंद.

हात खाली आले. कमळाबाईंनी तोंड उघडलं. रुचिताने आधी साखर घातली, मग चहात बुडवलेलं बिस्किट, मग दुसरं. निम्मा चहा साडीवर सांडला. हळूहळू घाम ओसरला, गालांना रंग आला. रुचिता तिथेच फरशीवर बसून रडायला लागली, आणि म्हातारीने पहिलं वाक्य काय म्हणावं? “चहात साखर नाय घातली का गं?” नाही घातली, मावशी, वीस वर्षांत कधी घातलेली नाही.

कमलेश गेला. मी गॅलरी सोडली नाही. मला कोण सोडायला लावणार? फटीतून तो गावात शिरलेला दिसला. विहिरीपाशी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. ती बोलत होती, हात हलत होते. एकदा टेकडीकडे, एकदा आमच्याकडे. याची मान खाली. मग याने मान वर करून काहीतरी म्हटलं, तिने हेल्मेट काढलं, आणि नेमका तो मेला गुणाजी फळी उचलून जागेवर लावायला लागला. आधी कमलेश अर्धा झाकला, मग मॅडम, मग सगळंच. राहिला तो राखाडी-हिरवा रंग, ज्यावर नजर टेकत नाही. जीव जळला नुसता.

दुपारी तो परत आला तेव्हा मी जिन्यातच होते, योगायोगाने. हातात जड पिशवी. पिशवी त्याने टीपॉयवर ठेवली आणि आतून तळहाताएवढ्या लोखंडी बिजागऱ्या काढल्या.

“फळ्या दारासारख्या उघडणार,” तो म्हणाला. “सकाळी लवकर उघडायच्या, लोक आत सोडायच्या आधी लावायच्या. रोज. मॅडमनी मान्य केलं.”

“आणि पास?” रुचिताने विचारलं.

“पार्क पास झालं. आता फक्त या बिजागऱ्या.”

“हैदराबाद?”

तो बिजागरी उघडमीट करून बघत राहिला. “तिकडे दुसऱ्याला पाठवतायत. म्हणाल्या, तुमचा आडोसा तुम्हीच उघडलात, माझ्यासमोर. मी काय लिहू वर?”

रुचिताने वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. सुटकेसची खरेदी तिनेच ठरवलेली. मी गप्प बसले, म्हणजे दिवसात दोनदा.

कमळाबाईंनी हात पुढे करून एक बिजागरी घेतली, तळहातावर तोलली. “मंग तू हितंच रं?”

“इथंच.”

“लोखंडाची कशाला आनलीस? खाडीचा वारा हाय. पावसाल्यात गंजून बसंल, न् मंग उघडायची नाय.”

“पितळेच्या एवढ्या मोठ्या इथे मिळत नाहीत. कल्याणच्या बाजारात असतील.”

“मंग जा ना कल्यानला.”

तो खरंच उठला. चावी घेतली, पिशवीचं तोंड बांधलं. पहाटेच्या आत बसवायच्या होत्या, वेळ नव्हता. दारात पोचला तेव्हा कमळाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, आणि रुचिताला हाक मारली.

“याला वाढ गं आधी. सकालधरून उपाशी हाय तो.”

“आई, उशीर होईल.”

“बस म्हनतंय ना!”

तो पिशवी दारातच ठेवून पाटावर बसला. रुचिताने भात वाढला, त्यावर बोंबलाचं कालवण. मी माझ्या घरी जायला निघाले, तर मागून आवाज आला, “ए डोंबिवली, तू पन बस. चार मजलं चढवलंस मना.”